ऑब्सिडियनला ठेच सोसत नाही
वाचकांचे प्रश्न : दगड घासणे आणि पॉलिश

या वेळच्या टपालात बहुतेक प्रश्न ऑब्सिडियनचे आहेत. ऑब्सिडियन म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून तयार झालेली नैसर्गिक काच. घरच्या टंबलरमध्ये (दगड, पाणी आणि घासायची पावडर घालून फिरवत ठेवायच्या डब्यात) गारगोट्या चमकवणारे आता याच्याकडे वळत आहेत आणि जवळपास सगळे एकाच ठिकाणी अडकत आहेत. म्हणून पहिल्या दोन उत्तरांना जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : तापीच्या पात्रातल्या गारगोट्या आणि अकीक आमच्या छोट्या टंबलरमध्ये छान चमकतात. त्याच पद्धतीने, तितकेच दिवस ऑब्सिडियन फिरवलं, तर मधला भाग काळाभोर राहिला, पण सगळ्या कडा खडूने घासल्यासारख्या पांढुरक्या झाल्या. पॉलिशची पावडर बदलून पाहिली, फरक पडला नाही. कुठे चुकतंय? (भुसावळ)

उत्तर : पावडर बदलून हे जाणार नाही, कारण दोष पॉलिशच्या टप्प्यातला नाहीच. अकीक म्हणजे अतिसूक्ष्म स्फटिकांची घट्ट वीण. त्याचा कठीणपणा मोहसच्या एक ते दहाच्या मोजपट्टीवर साडेसहा ते सात, आणि ठोकर बसली तर तो ती पचवतो. ऑब्सिडियनमध्ये स्फटिकांची वीण नाही. लाव्हा इतका चिकट आणि इतका लवकर निवलेला, की स्फटिक धरायला सवडच मिळाली नाही. कठीणपणा पाच ते साडेपाच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन खडे एकमेकांवर आपटले की आपटल्या जागी पृष्ठभागाखाली चंद्रकोरीच्या आकाराची बारीक चीर जाते. अशा शेकडो चिरा कडांवर जमल्या की उजेड आत न जाता विखुरतो आणि कड पांढरी दिसते.

आधी एक परीक्षा करा. खडा पाण्यात बुडवून ओला असतानाच उन्हात धरा. पांढरेपणा ओला केल्यावर नाहीसा झाला, तर ते नुसते ओरखडे आहेत आणि एक टप्पा मागे जाऊन पुन्हा घासलं की काम होतं. ओल्या खड्यावरही पांढरेपणा तसाच दिसला, तर आत चिरा आहेत. मग थेट १२०/२२० नंबरच्या पावडरीच्या टप्प्यावर (नंबर जितका लहान, तितकी पावडर जाड) परत जायचं, आणि चिरा खोल असतील तर ६०/९० वर. चीर पॉलिश होत नाही. तिच्या तळापर्यंतची काच घासून काढावी लागते.

आता या चिरा पडतात कशाने, ते पाहू. पहिलं कारण म्हणजे डबा अर्धवट भरलेला असतो. गारगोटीला दोन तृतीयांश डबा पुरतो. ऑब्सिडियनला तीन चतुर्थांश हवा, म्हणजे खडे वरून खाली पडत नाहीत, एकमेकांवरून घसरत उतरतात. दुसरं कारण वेग. बाजारातल्या काही टंबलरना तीन-चार वेग असतात. ऑब्सिडियनसाठी नेहमी सगळ्यात हळू. तिसरं कारण, पाणी जास्त झाल्यामुळे पातळ झालेला गाळ, म्हणजे डब्यातलं पाणी आणि पावडरीचं मिश्रण. दाट गाळ खड्यांना धरून ठेवतो, पातळ गाळात ते मोकळे आपटतात. चौथं, सगळे खडे मोठे असणं. लिंबाएवढे चार आणि मध्ये पोकळी, असा भरणा ऑब्सिडियनला कधीच चालत नाही. मोठा खडा एखादाच, काही सुपारीएवढे, आणि बाकी बोराच्या बीपासून हरभऱ्यापर्यंतचे, असं मिश्रण ठेवा. बारीक खडे मोठ्यांच्या मधल्या फटी भरतात.

पाचवं कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. फोडलेल्या ऑब्सिडियनच्या कडा वस्तऱ्यासारख्या पातळ असतात आणि पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त कपच्या त्याच उडवतात. डब्यात टाकण्याआधी धार लावायच्या कार्बोरंडमच्या दगडावर, पाण्याखाली धरून, प्रत्येक खड्याच्या तीक्ष्ण कडा दोन-चार वेळा ओढून बोथट करा. काम कंटाळवाणं आहे, पण पुढचं निम्मं नुकसान इथेच वाचतं. हातात रबरी मोजे हवेतच.

प्रश्न : पहिल्यापासून शेवटपर्यंत कोणती पावडर, किती, किती दिवस, हे एकदा नीट सांगा. आमच्याकडे ३ पौंडी, रबरी डब्याचा टंबलर आहे. (चाळीसगाव)

उत्तर : ३ पौंड ही क्षमता दगड, पाणी आणि पावडर सगळं धरून असते, म्हणजे साधारण १.३५ किलो. त्यात ऑब्सिडियन ६५० ग्रॅमच्या आसपास घ्या आणि डबा पाऊण भरेपर्यंतची उरलेली जागा सिरॅमिकच्या छोट्या गोळ्यांनी किंवा प्लॅस्टिकच्या दाण्यांनी भरा. दाण्यांबद्दल पुढच्या उत्तरात सविस्तर आहे. पाणी वरच्या थराच्या किंचित खाली. खडे पूर्ण बुडाले, तर पाणी जास्त झालं.

पहिल्या टप्प्याला ६०/९० नंबरची सिलिकॉन कार्बाइड, १५ मिलीच्या चमच्याने सपाट ३ चमचे, म्हणजे सुमारे ६५ ग्रॅम. दुकानात तिला कार्बोरंडम पावडर म्हणतात. ६०/९० मिळाली नाही तर ८० नंबर चालते. गॅरेजमध्ये व्हॉल्व्ह घासायला वापरतात ती कार्बोरंडमची पेस्ट मात्र घेऊ नका. ती ग्रीसमध्ये कालवलेली असते, पाण्यात मिसळत नाही आणि डब्याच्या रबरातून निघता निघत नाही. गारगोटीला हा टप्पा आठवडा, कधी दोन आठवडे लागतो. ऑब्सिडियन मऊ असल्यामुळे चार ते सात दिवसांत गोलाई येते. तिसऱ्या दिवसापासून रोज उघडून दोन-तीन खडे धुऊन बघा. खाचा, खड्डे, जुन्या चिरा नाहीशा होईपर्यंत पुढे जायचं नाही, कारण पुढचा कोणताही टप्पा आकार देत नाही, फक्त पृष्ठभाग बारीक करत जातो. वजनाचा पाव हिस्सा गेला तरी जाऊ द्या. आठवड्यानंतरही काही खडे राहिलेच, तर तेवढे बाजूला काढून पुढच्या भरण्यात घाला. त्यांच्यासाठी बाकीचे थांबवू नका.

गाळ बरोबर आहे का, हे मोजा घातलेलं बोट बुडवून कळतं. बोट वर काढल्यावर थेंब सावकाश ओघळला पाहिजे. पाण्यासारखा पटकन पडला, तर दोन-चार चमचे पाणी काढून टाका.

दुसरा टप्पा १२०/२२० चा. माप तेच, पाच ते सात दिवस. इथून पुढे डब्यातल्या मऊ भरणाचं प्रमाण वाढवा. खडे झिजून कमी झालेले असतात, डब्याची पातळी खाली येते, आणि नेमक्या याच टप्प्यात पुन्हा चिरा पडायला लागतात. प्रत्येक टप्प्याच्या सुरुवातीला पातळी पाऊण डब्यापर्यंत पुन्हा आणायची, खड्यांनी नव्हे, दाण्यांनी. तिसऱ्या टप्प्याला ५०० किंवा ६०० नंबर, माप तेच, पूर्ण सात दिवस. या टप्प्यात घाई करणारे सगळ्यात जास्त फसतात. ५०० च्या शेवटी खडा धुऊन वाळवल्यावर सगळीकडे सारखा, रेशमी, चकाकी नसलेला दिसला पाहिजे. कुठे एकही ओरखडा उजेडात दिसत असेल, तर अजून दोन दिवस.

पॉलिशला जाण्याआधी एक खडा चाचणीला घ्या. जुन्या चामड्याच्या तुकड्यावर पॉलिशची पावडर पाण्यात कालवून लावा आणि खड्याचा एक भाग तीन-चार मिनिटं जोर लावून घासा. तिथे चकाकी आली तर सगळा भरणा तयार आहे. नाही आली, तर डब्यात आठवडाभर फिरवूनही येणार नाही.

पॉलिशसाठी आमची पसंती सिरियम ऑक्साइडला आहे. ॲल्युमिनियम ऑक्साइडनेही काम होतं आणि ती स्वस्त पडते, पण सिरियम ऑक्साइड काचेच्या पृष्ठभागाशी रासायनिकरीत्याही काम करते. चष्म्याची भिंगं आणि आरसे घासणारे तीच वापरतात. सपाट २ चमचे, सुमारे ३५ ते ४० ग्रॅम. सात ते दहा दिवस. या टप्प्यात डब्यात जवळपास अर्धा भाग दाण्यांचा असू द्या. गाळ दाट करायला काही जण चमचाभर साखर घालतात. त्याने आपटणं खरंच कमी होतं, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती आंबते आणि बंद डब्यात वायू धरतो, म्हणून मार्च ते जून ती टाळलेली बरी.

शेवटी स्वच्छ डब्यात खडे, स्वच्छ दाणे, पाणी आणि अंगाच्या साध्या साबणाचा किसून अर्धा चमचा चुरा घालून सहा-आठ तास फिरवा. चिरांमध्ये अडकलेली पॉलिशची पावडर निघते आणि खरा काळा रंग दिसतो.

प्रत्येक दोन टप्प्यांमधली धुलाई हाही एक टप्पाच समजा. डब्याच्या झाकणाच्या खाचेत, रबराच्या घडीत, वॉशरखाली ६० नंबरचा एक कण राहिला, तर तो पॉलिशचा संपूर्ण आठवडा खड्यांवर रेघा ओढत बसतो. जुना टूथब्रश, वाहतं पाणी, आणि झाकणाच्या खाचेतून सुई फिरवणं. परवडत असेल तर पॉलिशसाठी वेगळा डबाच ठेवा.

प्रश्न : जळगावला चटईच्या आणि पाइपच्या कारखान्यांत प्लॅस्टिकचा दाणा मिळतो. टंबलरसाठी परदेशी दाणे मागवण्यापेक्षा तो चालेल का? (जळगाव)

उत्तर : चालतो, आणि आपल्या भागातल्या लोकांना ही मोठीच सोय आहे. मूठभर दाणा आधी पाण्यात टाकून पाहा. चटईचा पीपी (पॉलिप्रॉपिलीन) दाणा तरंगतो. पाइपचा पीव्हीसी दाणा बुडतो. तरंगणारा दाणा वापरायचा असेल तर पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी ठेवा, नाहीतर दाणे वर आणि खडे खाली अशी फारकत होते आणि मध्ये ठेवायचं ते मऊ भरण कामालाच येत नाही. बुडणारा दाणा खड्यांमध्ये नीट मिसळून राहतो, म्हणून दोन्ही मिळत असतील तर कडक पाइपचा दाणा घ्या. भंगारातून पुन्हा वितळवलेला रंगीत दाणा घेऊ नका. त्यात माती आणि खडे येतात.

प्लॅस्टिक मऊ असतं, पावडरीचे कण त्यात रुततात आणि धुऊन निघत नाहीत. म्हणून ६०/९० चा दाणा, १२०/२२० चा, ५०० चा आणि पॉलिशचा, असे चार डबे वेगवेगळे, वर नंबर लिहून. पॉलिशच्या दाण्यात चुकून खालच्या टप्प्याचा दाणा मिसळला, तर सगळाच पॉलिशचा दाणा खालच्या टप्प्याला लावून टाका आणि नवा घ्या. निवडत बसून उपयोग नाही.

प्रश्न : साक्री भागात शेताच्या कडेला काळ्या दगडाची लांबच लांब भिंत जमिनीतून वर आली आहे. तिच्या कडेला काळे, काचेसारखे चमकणारे पापुद्रे सापडतात. हे ऑब्सिडियन आहे का? पॉलिश होईल का? (साक्री)

उत्तर : ती भिंत म्हणजे डाइक. जमिनीतल्या उभ्या भेगेत लाव्हा शिरून थिजला आणि आजूबाजूचा दगड झिजून गेल्यावर भिंत उरली. धुळे-नंदुरबार पट्टा अशा डाइकसाठी भूगर्भशास्त्रात प्रसिद्ध आहे. थंड खडकाला टेकलेली लाव्ह्याची कड झटकन निवते आणि तिथे काचेचा पातळ थर बनतो, तेच तुमचे पापुद्रे. पण ही बेसाल्टची काच आहे, तिला टॅकिलाइट म्हणतात. ऑब्सिडियन सिलिका भरपूर असलेल्या लाव्ह्यापासून होतं. त्यात सिलिका साधारण ७० ते ७५ टक्के असते, आपल्या काळ्या दगडात पन्नासच्या आसपास. सिलिका कमी म्हणजे लाव्हा पातळ, आणि पातळ लाव्ह्यात स्फटिक पटकन धरतात. त्यामुळे दख्खनच्या एवढ्या प्रचंड लाव्ह्यातून काच अशी सालीपुरतीच उरली. शिवाय काच कायम काच राहत नाही. काळाबरोबर पाणी शोषून ती फुटते, मातकट होते, तिच्यात स्फटिक धरतात. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

हे पापुद्रे जाडीला कमी आणि आतून तडकलेले असतात. टंबलरमध्ये पहिल्याच दिवशी त्यांचा चुरा होईल. डब्यात घालू नका. दगडाला चिकटलेलाच एक तुकडा जपून ठेवा, पाहण्यासारखी गोष्ट आहे.

रेल्वेमार्गाच्या किंवा जुन्या भट्ट्यांच्या जवळ सापडणारे काळे-हिरवे चकचकीत गोळे बहुतेक वेळा धातुमळी असतात. गोल बुडबुडे आणि कुठे कुठे गंजाचे डाग यांवरून ते ओळखता येतात. दुकानात 'निळं ऑब्सिडियन' किंवा 'हिरवं पारदर्शक ऑब्सिडियन' म्हणून मिळतं ते जवळपास नेहमी कारखान्यातली काच असते. खरा कच्चा माल मेक्सिको, अमेरिकेतलं ऑरेगन, आर्मेनिया अशा ठिकाणांहून येतो. त्याची पातळ कड उजेडात धरली तर धुरकट तपकिरी किंवा राखाडी दिसते.

प्रश्न : पीव्हीसी पाइपचा डबा करून घरीच टंबलर बनवायचा आहे. मापं आणि वेग सांगाल का? (अमळनेर)

उत्तर : जरूर. ११० मिमीचा जाड भिंतीचा पाइप घ्या, लांबी १६ सेंमी. एका टोकाला टोपी सॉल्व्हंट सिमेंटने कायमची चिकटवा, दुसऱ्या टोकाला सफाईसाठी बसवतात ते आट्यांचं झाकण. आतला व्यास सुमारे १०.४ सेंमी धरला तर डब्यात १.३५ लिटर जागा मिळते. त्यात ९०० ग्रॅम ऑब्सिडियन आणि वर पाऊण डबा होईपर्यंत दाणे, एवढा भरणा बसतो. पावडर त्याच प्रमाणात वाढवा, म्हणजे ६०/९० सुमारे ९० ग्रॅम.

नुसत्या पाइपची आतली बाजू गुळगुळीत असते. तिच्यावर खडे उलटेपालटे न होता एकाच अंगावर घसरत राहतात आणि चपटे होतात. ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर कापून आतून अस्तर लावा, पंक्चरच्या सोल्यूशनने, आणि पूर्ण एक दिवस वाळू द्या. त्यावर त्याच रबराच्या तीन पट्ट्या लांबीच्या दिशेने, सारख्या अंतरावर. पट्टीची उंची ४-५ मिमीपेक्षा जास्त नको. उंच पट्टी खड्यांना वर उचलून नेते आणि वरून टाकते. गारगोटीला ते चालून जातं, काचेला नाही. अस्तरामुळे आवाजही बराच कमी होतो आणि पाइप झिजत नाही.

वेगाचा हिशेब असा. डब्याच्या ज्या वेगाला दगड भिंतीला चिकटून पूर्ण फेरा मारतील, तो वेग काढायला ४२.३ ला डब्याच्या आतल्या व्यासाच्या (मीटरमध्ये) वर्गमुळाने भागायचं. ०.१०४ चं वर्गमूळ ०.३२२, म्हणजे मिनिटाला सुमारे १३१ फेरे. ऑब्सिडियनसाठी त्याच्या पाव वेगाच्या आसपास राहा, म्हणजे ३२ ते ३५ फेरे. रबर चढवलेले रोलर २५ मिमी व्यासाचे घेतले आणि त्यांतल्या एकाला १५० आरपीएमची (मिनिटाला १५० फेऱ्यांची), १२ व्होल्टची गिअर मोटर लावली, तर १५० गुणिले २५ भागिले ११०, म्हणजे ३४ फेरे मिळतात. मोटर घेताना आरपीएमबरोबर ताकदही विचारा. भरलेला डबा दोन किलोच्या पुढे जातो, आणि खेळण्यातली गिअर मोटर दोन दिवसांत दात झिजवून बसते.

रोलरची लांबी डब्याच्या दोन टोप्यांमधल्या अंतरापेक्षा थोडी कमी ठेवा. मग टोप्यांच्या बाहेर आलेल्या कडाच डब्याला रोलरवरून सरकू देत नाहीत, वेगळा अडसर लागत नाही. रोलरचा दांडा ८ मिमीचा असेल तर टोपीची कड त्याला घासत नाही. दांडे बेअरिंगमध्येच बसवा, नुसत्या लाकडातल्या भोकात नाही. महिनाभर अखंड फिरायचं आहे.

प्रश्न : आमच्याकडे वीज जाते-येते, व्होल्टेजही कमी-जास्त होतं. अमेरिकेहून आणलेला ११० व्होल्टचा टंबलर आहे. काय काळजी घ्यावी? (दोंडाईचा)

उत्तर : स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेलच. तो व्होल्टेज उतरवतो, पण आपल्या विजेची ५० हर्ट्झ वारंवारता बदलत नाही. ६० हर्ट्झसाठी बनवलेली मोटर इथे सुमारे पाच षष्ठांश वेगाने चालते. ऑब्सिडियनला हे फायद्याचंच, फक्त मोटर जास्त तापते. तिच्याभोवती हवा खेळती ठेवा आणि एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीत चालवू नका. स्वस्त इन्व्हर्टरच्या चौकोनी लहरीवरही चालवू नका. मोटर गुरगुरते आणि तापते.

वीज गेल्यावर गाळ तळाला बसतो. तास-दोन तासांनी काही होत नाही. रात्रभर गेली असेल तर स्विच बंद करून डबा हाताने दहा-वीस वेळा फिरवा, मग चालू करा. घट्ट बसलेल्या डब्यावर पट्टा घसरत राहतो आणि तोच आधी तुटतो. एक जादा पट्टा घरात असू द्या. खर्चाची काळजी नको. २५ वॉटची मोटर चोवीस तासांत ०.६ युनिट घेते, चार आठवड्यांच्या पूर्ण भरण्याला सतरा युनिटच्या आत.

प्रश्न : पॉलिशमधून काढल्यावर खडे चकचकीत असतात, वाळले की पांढरट पडदा येतो. पुसला तर थोडा जातो. (फैजपूर)

उत्तर : पुसल्यावर जातो, म्हणजे काच चांगली आहे, पाणी जड आहे. खोल बोअरच्या पाण्यातला चुना वाळून बसतो. खडे पातळ व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवा, आरओच्या पाण्याने धुवा, सुती फडक्याने पुसा, उन्हात वाळवू नका. पुढच्या वेळी पॉलिशचा टप्पा आणि त्यानंतरची धुलाई आरओच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने करा. आधीच्या टप्प्यांना बोअरचं पाणी चालतं.

प्रश्न : इंद्रधनुषी ऑब्सिडियनचे तुकडे घेतले होते, ओले केल्यावर रंग स्पष्ट दिसायचे. टंबलरमधून काढले तर नुसते काळे. रंग घासून गेले का? (यावल)

उत्तर : काही अंशी हो, पण मुख्य अडचण दिशेची आहे. हे रंग काचेतल्या अतिसूक्ष्म स्फटिकांच्या पातळ थरांमुळे दिसतात आणि थराला समांतर असलेल्या पृष्ठभागावरच खुलतात. सोनेरी किंवा चंदेरी झाक असलेल्या ऑब्सिडियनचंही तसंच, तिथे लाव्ह्याच्या प्रवाहात ताणले गेलेले बारीक बुडबुडे असतात. टंबलर खड्याला सगळीकडून सारखा गोल करतो, त्यामुळे योग्य कोनातला भाग फार थोडा उरतो. तुमचे खडे कडक उन्हात सावकाश फिरवून पाहा, कुठेतरी एका बाजूला रंगाची पट्टी सापडेल. अशा जातीच्या मालाची आधी रंगाची बाजू ठरवून, ती सपाट राहील असे चपटे तुकडे करावेत आणि काचेवर पाण्यात कालवलेल्या पावडरीने हातानेच घासावेत. फिरत्या टंबलरऐवजी थरथरणारा, म्हणजे व्हायब्रेटरी टंबलर असेल तर आकार आणि रंगाची बाजू दोन्ही टिकतात. ऑब्सिडियनला एकूणच तो जास्त मानवतो, फक्त त्यात गोलाई येत नाही.

फिरत्या टंबलरला साजेसा माल हवा असेल तर साधं काळं, लोहामुळे तपकिरी पट्टे आलेलं महोगनी, किंवा 'अपाचे टिअर्स' नावाचे मुळातच गोलसर लहान गोळे घ्या. नवशिक्यांनी या गोळ्यांपासूनच सुरुवात करावी, कारण त्यांना तीक्ष्ण कडा फार नसतात. पांढऱ्या फुलांचं स्नोफ्लेकही चांगलं होतं. त्यातली फुलं क्रिस्टोबलाइट या खनिजाची, काचेपेक्षा थोडी कठीण असतात. ५०० चा टप्पा दोन दिवस वाढवला नाही तर ती बोटाला किंचित वर लागतात.

प्रश्न : घरात लहान मुलं आहेत. ऑब्सिडियन फोडणं आणि गाळ टाकणं सुरक्षित कसं करावं? (धुळे)

उत्तर : अंगणात फोडूच नका. तुकडा दुहेरी गोणपाटात गुंडाळून, ते बादलीत ठेवून, वरून हातोडीने हलके ठोके द्या. डोळ्यांवर गॉगल, पायांत बूट, हातांत जाड मोजे. कपच्या सुईसारख्या असतात आणि फरशीवर दिसत नाहीत. झाडू मारल्यावर ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं फेकून द्या, पुन्हा वापरू नका. गोणपाटही वेगळं ठेवा, धान्याला वापरू नका. कोरडं घासायचं नाही. पाण्याखाली घासलं की धूळ उडत नाही. गारगोटी आणि अकीक घासणाऱ्यांनी तर हे जास्तच पाळावं, त्यांची धूळ फुफ्फुसाला अधिक घातक आहे.

गाळ मोरीत ओतू नका. तो पाइपच्या वळणात बसून दगडासारखा घट्ट होतो. जुन्या बादलीत दोन दिवस निवळू द्या, वरचं पाणी अलगद काढा, खालचा चिखल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात द्या. पहिल्या टप्प्याच्या गाळात काचेच्या कपच्या असतात, त्यात उघडा हात घालू नका. डबा रोज एकदा उघडावा, थंड झाल्यावर, मोकळ्या जागी. उन्हाळ्यात आतली हवा फुगून झाकण घट्ट बसतं.

प्रश्न : ऑब्सिडियन कमी आहे. डबा भरायला तापीतल्या गारगोट्या किंवा फुटलेल्या बाटल्यांची काच घातली तर? (चोपडा)

उत्तर : गारगोट्या नकोत. त्या कठीण आणि जड, ऑब्सिडियनला ठोकत राहतील, आणि त्यांना लागणारे दिवस ऑब्सिडियनला जास्त होतील. बाटलीची काच चालते. तिचा कठीणपणा ऑब्सिडियनच्या जवळपास आहे, शिवाय तीही छान चमकते. जाड बुडाचे तुकडेच घ्या, मानेचे आणि बाजूचे पातळ तुकडे डब्यात मोडतात. कडा आधी बोथट करायच्या, हे तिलाही लागू. एकूण भरण्यात बाटलीची काच तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त झाली तर ६०/९० चा टप्पा सोडून थेट १२०/२२० पासून सुरुवात करा, कारण बाटलीच्या काचेला मुळात गोलाई कमी लागते आणि तिचे कोपरे जाड पावडरीत लवकर तुटतात.